दुव्यानंतरची तीस सेकंदे : सोलापुरातील एका टॉवेल कारखान्यात संगणक सुरू न होण्याचे प्रकरण

सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील टेरी टॉवेल विणणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात, सकाळची पहिली पाळी सुरू होताना संगणक वेळेवर चालू होत नाहीत, अशी तक्रार बराच काळ रेंगाळली होती. संगणक पुरवणाऱ्याने संगणक तपासले, केबल टाकणाऱ्याने केबल तपासल्या, सॉफ्टवेअरवाल्यांनी सर्व्हर तपासला आणि प्रत्येकाने आपापली बाजू ठीक असल्याचे लेखी कळवले. विशेष म्हणजे त्या तिघांचेही म्हणणे खरे होते. बिघाड कोणत्याही एका वस्तूत नव्हता. नेटवर्क स्विचचा, म्हणजे संगणकांच्या केबल एकत्र जोडणाऱ्या उपकरणाचा, पोर्ट (केबल खोचण्याची जागा) उघडण्याची वेळ आणि संगणकाने नेटवर्क मागण्याची वेळ यांचा मेळ बसत नव्हता. अशा तक्रारी पतसंस्थांच्या शाखांत आणि महाविद्यालयांच्या संगणक कक्षांतही येतात आणि बहुतेक वेळा चुकीच्या दिशेने तपासल्या जातात, म्हणून हे प्रकरण तपशिलाने नोंदवत आहे. कारखान्याचे व संबंधितांचे नाव देण्याची गरज नाही.

पार्श्वभूमी

कारखान्यात सुमारे चाळीस संगणक आहेत. कार्यालयात विंडोजचे संगणक असून ते सर्व एका डोमेनला, म्हणजे एकाच सर्व्हरवरून लॉगिन सांभाळल्या जाणाऱ्या गटाला, जोडलेले आहेत. पॅकिंगच्या हॉलमध्ये गाठींवर लावायची बारकोड लेबले काढण्यासाठी थिन क्लायंट ठेवले आहेत. त्यांना स्वतःची हार्ड डिस्क नाही. चालू होताच ते नेटवर्कवरून पीएक्सई पद्धतीने लिनक्स मागवतात आणि त्यावर चालतात. डिझाइन विभागात जेकार्डची नक्षी तयार करणारे दोन संगणक आहेत व त्यांना कायमचा आयपी पत्ता दिलेला आहे. याखेरीज स्टोअर, हिशेब आणि फाटकाजवळच्या वजनकाट्याची केबिन यांचे संगणक.

पूर्वी ही सगळी मंडळी एकापुढे एक जोडलेल्या साध्या, सेटिंग नसलेल्या स्विचवर चालत होती. निर्यातीच्या ऑर्डरींचा जोर असताना त्यांतला एक स्विच जळाला, तेव्हा मालकांनी चार ठिकाणी नवे मॅनेज्ड (सेटिंग करता येणारे) स्विच बसवून घेतले. बसवणाऱ्याने पासवर्ड ठेवला, नावे दिली, बाकी सर्व सेटिंग कंपनीतून आले तसेच राहू दिले. त्या काळात तिन्ही पाळ्या चालत असल्याने पॅकिंगमधील क्लायंट रात्रंदिवस चालूच असत. ऑर्डरी ओसरल्यावर रात्रपाळी बंद झाली, रात्री संगणक बंद करून जाण्याची सूचना निघाली आणि तक्रारी तेव्हापासून सुरू झाल्या. स्विच बदलणे आणि तक्रार सुरू होणे यांत इतके अंतर पडल्यामुळे दोहोंचा संबंध कोणाच्याही ध्यानात आला नाही, यात कोणाचा विशेष दोष मानता येत नाही.

लक्षणे

पॅकिंगमध्ये क्लायंटच्या पडद्यावर पीएक्सई-ई५१ हा क्रमांक येई. डीएचसीपी सर्व्हरकडून, म्हणजे संगणकांना आयपी पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडून, पत्त्याचा कोणताही प्रस्ताव मिळाला नाही, असा त्याचा अर्थ. काही क्लायंट इथे अडकत नसत. लिनक्सचा कर्नल (गाभा) उतरवून घेत आणि मग त्याच्याच पुढच्या टप्प्यावर, पत्ता मिळण्याची वाट पाहत, थांबून राहत. पॅकिंगच्या सुपरवायझरांनी आपला तोडगा काढलेला होता. "एकदा बंद करून परत लावला की येतंय बघा, नाही आला तर अजून एकदा," असे ते सांगत, आणि पाळीची सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे या खटाटोपात जात.

कार्यालयातील लक्षण वेगळे होते. तिथे संगणक चालू होई, पासवर्ड टाकल्यावर आतही जाता येई, पण नेटवर्क ड्राइव्हवर लाल फुली दिसे आणि संगणक चालू होतानाच चालायला हवी अशी स्क्रिप्ट चाललेली नसे. एखाद्या संगणकावर पहिल्यांदाच बसलेल्या कर्मचाऱ्याला तर लॉगिनसाठी सर्व्हर उपलब्ध नाही असा संदेश येई. नेहमीच्या माणसाला तो येत नसे, कारण विंडोज आधी लॉगिन केलेल्यांची ओळख, मूळ सेटिंगनुसार दहा जणांपर्यंत, स्वतःकडे जपून ठेवते. म्हणजे नेटवर्क नसतानाही नेहमीचा माणूस आत जाऊ शके आणि त्यामुळे नेटवर्क होते असा समज होई. काही संगणकांना १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता लागलेला दिसे. डीएचसीपीकडून उत्तर न मिळाल्यास विंडोज हा पत्ता स्वतःच घेते आणि त्यानंतर दर पाच मिनिटांनी पुन्हा सर्व्हरचा शोध घेते. तक्रार आल्यावर माणूस संगणकापाशी पोहोचेपर्यंत ती पाच मिनिटे उलटलेली असत आणि सगळे सुरळीत दिसे. तपासणाऱ्यांच्या अहवालांत वारंवार "दोष आढळला नाही" असे लिहिलेले होते, त्याचे कारण हेच.

आधीचे संशय

पहिला संशय डीएचसीपी सर्व्हरवर होता. त्याच्याकडील पत्ते संपत असतील म्हणून पत्त्यांची मर्यादा वाढवली गेली. फरक पडला नाही. दुसरा संशय धुळीवर होता आणि टॉवेलच्या कारखान्यात तो अगदी स्वाभाविक आहे. टेरीच्या लूममधून आणि कटिंगच्या टेबलांवरून उडणारे सुताचे बारीक तंतू हॉलमधल्या प्रत्येक वस्तूवर बसतात, स्विचच्या जाळीत अडकतात, केबलच्या सॉकेटमध्येही जातात. स्विच ब्लोअरने साफ करण्यात आले, पॅच कॉर्ड बदलण्यात आल्या. ही साफसफाई करायलाच हवी होती. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये जाळी बुजलेला स्विच तापून बंद पडतो, हे या वसाहतीत नवीन नाही. पण सकाळच्या तक्रारीत तिने काही उतार पडला नाही. त्यानंतर संगणकांचे बायोस अद्ययावत करणे, नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर बदलणे, सर्व्हर रीस्टार्ट करणे हे सगळे ओघाने झाले.

तक्रारींची वही हाती आल्यावर तीन गोष्टी खटकल्या.

पहिली म्हणजे, डिझाइन विभागातील दोन संगणकांनाही तोच त्रास होता. त्यांचा पत्ता कायमचा असल्याने डीएचसीपीशी त्यांचा काही संबंध नव्हता, तरीही सकाळी त्यांच्या ड्राइव्हवर लाल फुली असे. म्हणजे पत्ता मिळो वा न मिळो, सुरुवातीचा काही वेळ वाहतूकच पलीकडे जात नव्हती. दुसरी म्हणजे, कार्यालयातील तक्रारी बहुतांशी नव्या, एसएसडी बसवलेल्या संगणकांच्या होत्या. जुनी हार्ड डिस्क असलेले, मिनिट-दोन मिनिटे कुरकुरत चालू होणारे संगणक विनातक्रार काम करत होते. जुने यंत्र चालते आणि नवे अडते, असे दिसले की यंत्राची तपासणी बाजूला ठेवून वेळेकडे पाहावे, असे माझे मत आहे. तिसरी गोष्ट पॅकिंगमधील होती : पूर्ण बंद करून चालू केलेला क्लायंट अडकण्याचे प्रमाण जास्त होते, तर चालू अवस्थेतच रीस्टार्ट केलेला क्लायंट बहुधा पार पडत असे.

याखेरीज एक प्रयोग कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनने आधीच करून ठेवलेला होता. त्याने जुन्या सामानातला पाच पोर्टांचा छोटा साधा स्विच क्लायंट आणि नव्या स्विचच्या मध्ये जोडला, आणि तो क्लायंट रोज पहिल्या फटक्यात चालू होऊ लागला. त्यावरून नव्या स्विचचे पोर्ट "कमजोर" आहेत असा निष्कर्ष निघाला आणि प्रत्येक क्लायंटला असा एकेक डबा घ्यावा, असा प्रस्तावही मालकांच्या टेबलावर पोहोचला होता. निष्कर्ष चुकीचा असला तरी प्रयोग उत्तम होता. तपासाला खरी दिशा त्यानेच दिली.

प्रत्यक्षात काय घडत होते

एका स्विचमधून निघालेली केबल फिरून त्याच जाळ्यात आली, तर ब्रॉडकास्ट (सर्वांना उद्देशून पाठवलेले) संदेश त्या वर्तुळात फिरत राहतात, प्रत्येक फेरीत वाढत जातात आणि काही क्षणांत सगळे नेटवर्क ठप्प होते. आयपी पाकिटाला आयुष्याची मर्यादा असते, तशी इथरनेटच्या फ्रेमला (केबलवरून जाणाऱ्या संदेशाच्या तुकड्याला) नसते, त्यामुळे हे वर्तुळ आपोआप थांबत नाही. यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना स्पॅनिंग ट्रीची पद्धत तयार केली आणि १९९० मध्ये ती आयईईईच्या ८०२.१डी या मानकात आली. स्विच एकमेकांना बीपीडीयू नावाचे छोटे संदेश, मूळ सेटिंगनुसार दर दोन सेकंदांनी, पाठवतात, आपल्यातून एक मूळ स्विच निवडतात आणि वर्तुळ होऊ शकेल असे जादा मार्ग बंद ठेवतात.

या पद्धतीत कोणत्याही पोर्टवर लिंक (दुवा, म्हणजे केबलच्या दोन टोकांच्या उपकरणांची जुळणी) आली की स्विच तो पोर्ट लगेच उघडत नाही. पलीकडे दुसरा स्विच असण्याची शक्यता गृहीत धरून तो आधी १५ सेकंद फक्त ऐकतो, मग आणखी १५ सेकंद पत्ते शिकतो आणि त्यानंतर वाहतूक सुरू करतो. या ३० सेकंदांत संगणकाच्या बाजूला सगळे ठीक दिसते. कार्डाचा दिवा लागलेला असतो, विंडोज केबल जोडलेली असल्याचे दाखवते, पण संगणकाने पाठवलेली प्रत्येक फ्रेम पोर्टच्या उंबऱ्यावरच टाकून दिली जाते. ही १५ सेकंदे सात स्विचपर्यंत पसरलेल्या जाळ्यातही निरोप पोहोचावा या हिशेबाने ठरलेली आहेत. या कारखान्यात स्विच चारच होते. तरीही, पोर्टपलीकडे वजनकाट्याचा एकटा संगणक असला तरी, स्विच त्याच्याशी संशयानेच वागतो.

आता क्लायंटची बाजू पाहू. पीएक्सईच्या १९९९ च्या २.१ आवृत्तीत पत्ता मागण्याचे चार प्रयत्न सांगितले आहेत आणि प्रत्येक प्रयत्नानंतर अनुक्रमे ४, ८, १६ आणि ३२ सेकंद थांबायचे असते. बेरीज ६० सेकंद होते, म्हणजे ३० सेकंदांचा पोर्ट सहज पचायला हवा, असे वरवर वाटते. पण महत्त्व थांबण्याच्या बेरजेला नसून मागणी कोणत्या क्षणी निघते याला आहे. पहिली मागणी शून्याव्या सेकंदाला निघते, दुसरी चौथ्या, तिसरी बाराव्या आणि चौथी अठ्ठाविसाव्या. पोर्ट उघडतो तिसाव्या सेकंदाला. शेवटची मागणी दोन सेकंद लवकर येऊन वाया जाते आणि त्यानंतरची ३२ सेकंदे क्लायंट न पोहोचलेल्या मागणीच्या उत्तराची वाट पाहत बसतो.

तक्रार रोज सारखी का नसे, याचा उलगडाही याच दोन सेकंदांत आहे. लिंक आल्यानंतर पहिली मागणी निघेपर्यंत कार्डाला थोडा अवधी लागतो. तो सेकंदभर असेल तर चौथी मागणी वाया जाते. तीन सेकंद असेल तर ती उघडलेल्या पोर्टवर पोहोचते आणि क्लायंट सुखरूप चालू होतो. शिवाय सर्व उत्पादक चारही प्रयत्न पूर्ण अवधीचे ठेवत नाहीत. वेळ वाचवण्यासाठी ज्या कार्डांत हा अवधी तोडलेला असतो, तिथे यश मिळण्याची शक्यताच राहत नाही.

त्याहून महत्त्वाची बाब अशी की, एका सुरुवातीत लिंक एकदाच येते असे नाही. बंद संगणकाचे कार्ड दूरून जागे करण्याच्या सोयीसाठी कमी वेगावर लिंक धरून ठेवू शकते. वीजबटण दाबल्यावर ती तुटते आणि पूर्ण वेगाने पुन्हा जुळते. पीएक्सईचे काम संपून लिनक्सचा किंवा विंडोजचा ड्रायव्हर ताबा घेतो, तेव्हा तो कार्ड नव्याने सुरू करतो आणि लिंक पुन्हा तुटते. प्रत्येक तुटण्यानंतर स्विच पहिल्यापासून ३० सेकंद मोजतो. पीएक्सईच्या पहिल्या दारातून निभावलेला क्लायंट कर्नलच्या दारात अडकत होता, तो यामुळे. या मॉडेलच्या क्लायंटमध्ये चालू अवस्थेतून रीस्टार्ट करताना पहिल्या टप्प्याला लिंक टिकून राहत असल्याने, सुपरवायझरांचा तोडगा अर्ध्याअधिक वेळा लागू पडे.

विंडोजच्या संगणकांचे गणित याच्याच दुसऱ्या टोकाचे आहे. ड्रायव्हरने लिंक आणल्यापासून डोमेन सर्व्हरचा शोध सुरू होईपर्यंत हार्ड डिस्कच्या संगणकात सहज अर्धे मिनिट निघून जाते आणि तोवर पोर्ट उघडलेला असतो. एसएसडीचा संगणक काही सेकंदांतच डोमेन शोधू लागतो, त्याला पोर्ट बंद सापडतो आणि तो निमूटपणे जपून ठेवलेल्या ओळखीवर लॉगिन करू देतो. १९९० मध्ये संगणकाला उठायलाच इतका वेळ लागे की, अर्ध्या मिनिटाच्या या राखणीची कोणाला जाणीव झाली नसावी.

आणि मधला छोटा डबा? तो जोडल्यावर नव्या स्विचच्या दृष्टीने लिंक त्या डब्याशी असते आणि डबा रात्रभर चालू असतो. क्लायंटने आपली लिंक कितीदाही तोडली-जोडली तरी त्याचा निरोप नव्या स्विचपर्यंत जात नाही, पोर्ट उघडाच राहतो, आणि डबा स्वतः स्पॅनिंग ट्री जाणत नसल्याने क्लायंटला थांबवत नाही. निदान पक्के करण्याची याहून स्वस्त रीत माझ्या माहितीत नाही. उपाय म्हणून मात्र ती घातक आहे, त्याचे कारण पुढे येईल.

पुरावा

तर्क जुळला म्हणून सेटिंगला हात लावणे योग्य नव्हते. पॅकिंगमधील स्विचसमोर उभे राहून एक क्लायंट पूर्ण बंद करून चालू केला आणि पोर्टच्या दिव्याकडे लक्ष ठेवले. क्लायंटची लिंक येताच दिवा पिवळसर लागला, मोबाइलवरील घड्याळाने सुमारे अर्धे मिनिट तसाच राहिला, मग हिरवा झाला. तोपर्यंत क्लायंटच्या पडद्यावर ई५१ येण्याची तयारी झाली होती. स्विचच्या कन्सोलवर त्याच पोर्टची अवस्था विचारल्यावर ती क्रमाने लिसनिंग, लर्निंग आणि फॉरवर्डिंग अशी बदलताना दिसली.

सर्व्हरच्या बाजूने वायरशार्क हे नेटवर्कवरील संदेश टिपणारे सॉफ्टवेअर लावून डीएचसीपीचे संदेश टिपले. अडकलेल्या क्लायंटची एकही मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचलेली नव्हती. जो क्लायंट पार पडला, त्याची पहिली नव्हे तर शेवटची मागणी तेवढी आली होती. डीएचसीपीच्या संदेशात, आपण प्रयत्न सुरू करून किती सेकंद झाले हे क्लायंटने नोंदवण्याचे एक घर असते. सर्वच उत्पादक ते नीट भरतात असे नाही, पण या यंत्रांत ते भरलेले होते आणि सर्व्हरच्या दृष्टीने "पहिल्या" असलेल्या मागणीत शून्याऐवजी बऱ्याच पुढचा आकडा होता. सर्व्हर ज्या मागण्या ऐकतच नव्हता, त्यांची उत्तरे न दिल्याचा ठपका त्याच्यावर इतके दिवस ठेवला गेला होता.

विंडोजच्या एका संगणकावरील इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नेटलॉगॉनची (डोमेन लॉगिन सांभाळणाऱ्या सेवेची) ५७१९ आणि ग्रुप पॉलिसीची (सर्व संगणकांना एकत्र लागू होणाऱ्या सेटिंगची) ११२९ या क्रमांकांच्या नोंदी सापडल्या. दोन्हींचा आशय डोमेन सर्व्हरपर्यंत पोहोचता आले नाही, असाच आहे. त्यांच्या किंचित आधी नेटवर्क कार्डाची लिंक आल्याची नोंद होती. लिंक आल्याची वेळ आणि तक्रारीची वेळ यांतले अंतर ३० सेकंदांच्या आत असेल, तर केबल, कार्ड आणि सर्व्हर या तिघांना तूर्त निर्दोष धरून स्विचकडे वळावे.

उपाय, आणि टाळलेले उपाय

सर्वांत सोपा मार्ग स्पॅनिंग ट्री पूर्ण बंद करण्याचा होता आणि केबलवाल्यांनी तोच सुचवला. तो नाकारला. पॅकिंगच्या हॉलमध्ये टेबले हलतात, केबल लोंबकळतात, आणि रिकामे टोक दिसले की कोणीतरी ते जवळच्या रिकाम्या सॉकेटमध्ये खोचतो. छोटे डबे ठेवल्यास तर असे वर्तुळ होण्याची जागा प्रत्येक टेबलावर तयार होते. दुसरी सूचना १५ सेकंदांचा अवधी कमी करण्याची होती. मानकानुसार तो ४ सेकंदांपर्यंत खाली आणता येतो आणि पोर्ट ८ सेकंदांत उघडतो. पण हा अवधी संपूर्ण जाळ्याला लागू होतो. संगणकांच्या सोयीसाठी स्विचमधल्या जोडण्यांची सुरक्षितता कमी करावी, हे पटण्यासारखे नव्हते.

केवळ जलद स्पॅनिंग ट्री सुरू केली की प्रश्न मिटेल, हा समजही पुष्कळांचा असतो. २००१ मध्ये ८०२.१डब्ल्यू या नावाने आलेली आणि २००४ मध्ये मूळ मानकात मिळवलेली ही पद्धत दोन स्विचमधला मार्ग पटकन उघडते, कारण दोन्ही बाजू एकमेकांशी बोलून संमती देतात. संगणक ही भाषा बोलत नाही. संमती येत नाही म्हणून तिथे पोर्ट पुन्हा जुन्या घड्याळावर, म्हणजे तीस सेकंदांवर, जातो. काही स्विच पलीकडून बीपीडीयू येत नाही हे पाहून आपोआप अंदाज बांधतात, पण त्यावर विसंबण्यापेक्षा पोर्ट स्पष्टपणे सांगून टाकलेला बरा.

म्हणून संगणक, क्लायंट आणि प्रिंटर यांना जाणारे सर्व पोर्ट एज पोर्ट (जाळ्याच्या कडेचे, पलीकडे स्विच नसलेले पोर्ट) म्हणून नेमले. सिस्कोच्या स्विचवर यालाच पोर्टफास्ट म्हणतात. असा पोर्ट लिंक येताच वाहतूक सुरू करतो. त्याच पोर्टांवर बीपीडीयू गार्ड लावला, म्हणजे तिथून कधी बीपीडीयू आलाच तर स्विच तो पोर्ट तत्काळ बंद करील. ही दोन सेटिंग जोडीनेच लावावीत. पहिले लावून दुसरे सोडणे म्हणजे दार उघडून राखणदारालाही सुट्टी देणे होय. स्विच-स्विचमधल्या जोडण्यांना मात्र एज नेमले नाही. हे तपासण्यासाठी प्रत्येक केबल टोकापर्यंत जाऊन पाहावी लागली, कारण रॅकमधील चिठ्ठ्यांवर लिहिलेले आणि प्रत्यक्षातले यांत तफावत होती.

याच वेळी मूळ स्विच कोण आहे हेही पाहिले. सर्व स्विचचा अग्रक्रम ३२७६८ या मूळ आकड्यावरच असल्याने निवड मॅक पत्त्यावर (उपकरणाच्या कारखान्यातच ठरलेल्या क्रमांकावर) झाली होती आणि डाइंग विभागाच्या कोपऱ्यातला स्विच अख्ख्या कारखान्याचा मूळ स्विच होऊन बसला होता. आकडा लहान तो स्विच निवडला जातो, म्हणून सर्व्हर खोलीतील स्विचचा अग्रक्रम ४०९६ केला आणि चारही स्विच जलद पद्धतीवर आणले. हे काम सुट्टीच्या दिवशी केले, कारण पद्धत बदलताना जाळे थोडा वेळ थांबते. शेवटी प्रत्येक स्विचवर सेटिंग कायमस्वरूपी जतन केले. ही पायरी विसरली तर सगळे उत्तम चालते आणि पहिल्यांदा वीज गेली की जुने दुखणे परत येते, तेव्हा तपासणारा बिचारा पुन्हा संगणकापासून सुरुवात करतो.

सॉफ्टवेअरवाल्यांनी मधल्या काळात ग्रुप पॉलिसीतून, संगणक सुरू होताना नेटवर्कची वाट पाहण्याचा अवधी वाढवून ठेवला होता. त्याने फुली जाई, पण प्रत्येक जण रोज पडद्याकडे बघत बसे. पोर्टचे सेटिंग झाल्यावर तो अवधी पूर्ववत केला.

नंतर

दुसऱ्या दिवशी पॅकिंगमधील क्लायंट एकाच प्रयत्नात चालू झाले आणि नव्या संगणकांवरील लाल फुल्या गेल्या. एक अनपेक्षित सुधारणाही दिसली. पाळी सुरू होताना डिस्पॅचचे बारकोड सॉफ्टवेअर जड चालते अशी एक वेगळीच तक्रार वहीत होती, ती थांबली. जुन्या पद्धतीत साध्या पोर्टवर संगणक चालू किंवा बंद झाला की जाळ्याची रचना बदलली असे समजून मूळ स्विच सर्वांना तसे कळवतो, आणि इतर स्विच ३५ सेकंदांपर्यंत आपले लक्षात ठेवलेले पत्ते ३०० ऐवजी १५ सेकंदांतच विसरू लागतात. सकाळी पाठोपाठ संगणक चालू होत असल्याने हे विसरणे लांबत जाई आणि एकाची वाहतूक सगळ्या पोर्टांवर पसरे. एज पोर्टच्या उघडझापीची अशी दवंडी पिटली जात नाही.

काही आठवड्यांनी पॅकिंगमधील एक पोर्ट अचानक बंद पडला आणि "पुन्हा तेच सुरू झाले" अशी हाकाटी झाली. स्विचच्या नोंदीत बीपीडीयू गार्डने तो बंद केल्याचे स्पष्ट लिहिलेले होते. टेबलाखाली पाहिले तर इलेक्ट्रिशियनने पूर्वी बसवलेल्या छोट्या डब्यात एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोके खोचलेली आढळली. झाडताना केबल सुटली आणि कोणीतरी सद्भावनेने ती रिकाम्या सॉकेटमध्ये लावली. स्विचने पाठवलेला बीपीडीयू त्या डब्यात फिरून त्याच पोर्टवर परत आला आणि पोर्ट मिटला. त्या टेबलावरचे दोन क्लायंट तेवढे बंद पडले, बाकीचा कारखाना चालू राहिला. स्पॅनिंग ट्री बंद केली असती तर त्या दुपारी सर्व्हरपर्यंत सगळे ठप्प झाले असते. त्यानंतर सर्व छोटे डबे काढून घेतले आणि मिटलेला पोर्ट ३०० सेकंदांनी आपोआप पुन्हा उघडून पाहील, असे सेटिंग केले.

दोन गोष्टी या उपायाने सुटल्या नाहीत, कारण त्यांचा या कारणाशी संबंध नव्हता. वीज जाऊन आली की पॅकिंगमधील क्लायंट आपोआप चालू होत, पण त्यांचा स्विच स्वतः उभा राहायला काही मिनिटे घेई आणि तोवर सर्व क्लायंट प्रयत्न करून थकलेले असत. यूपीएस फक्त सर्व्हर खोलीत होता. पॅकिंगच्या रॅकला छोटा यूपीएस दिल्यावर हे थांबले. हिशेब विभागातील एक संगणक मात्र चालू झाल्यावरही कूर्मगतीने काम करत राहिला. त्याच्या पोर्टचा वेग स्विचवर कोणीतरी १०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणे) असा पक्का करून ठेवलेला होता, तर संगणकाचे कार्ड स्वयंचलित निवडीवर होते. समोरून वाटाघाटीचे उत्तर न आल्याने कार्ड हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकानेच बोलणे) उतरले होते आणि दोन्ही बाजूंच्या बोलण्याची टक्कर होत होती. पोर्टही स्वयंचलित केल्यावर तो संगणक सुधारला.

वजनकाट्याच्या केबिनची लिंक दिवसातून मधूनच तुटते. तिथली तांब्याची केबल स्विचपासून फाटकापर्यंत १०० मीटरच्या मर्यादेपेक्षा लांब टाकलेली आहे. पोर्ट एज असल्यामुळे तुटल्यावर ती लगेच सावरते, म्हणून आता त्याचा फारसा बोभाटा होत नाही, परंतु तिथे फायबर टाकण्याची शिफारस अहवालात केली आहे आणि ते काम अजून व्हायचे आहे.